कोपर आमच्या इंद्रनीलचा

कला माणसाला अमर करते, असं श्रीकृष्णराव टिपणीस म्हणत आणि तरसालीतल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला केबलवाल्याने काढलेली गरब्याची कॅसेट दाखवत. पडद्यावर गायक दिसे आणि त्याच्या मागे ढोलकवाल्याचा फक्त कोपर.

"हा कोपर आमच्या इंद्रनीलचा! तबल्यात सुवर्णपदक आहे त्याला."

"वाह, छोकरो तो बहु आगळ गयो!" शेजारचे मुकेशभाई म्हणाले.

चहा घेऊन आलेला इंद्रनील पुटपुटला, "बाबा, तो मी नाही."

"ह्याला विनयच फार," म्हणत श्रीकृष्णरावांनी कॅसेट पुन्हा मागे नेली.

कॅसेट काढली त्या नवरात्रात इंद्रनील नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात रात्रपाळीला होता. रोज संध्याकाळी त्याला स्कूटरवरून कंपनीच्या बसपर्यंत सोडायला श्रीकृष्णरावच जात.