मागून म्हणणारं कोणी

मैनाने इंग्रजी उताऱ्याचं पहिलं वाक्य वाचलं आणि ती थांबली.

समोर बसलेल्या इंग्रजीच्या भावना मॅडम वाट बघत राहिल्या. मैनाही वाट बघत राहिली. मग तिने दुसरं वाक्य वाचलं, स्वच्छ, खणखणीत, आणि पुन्हा थांबली. शेजारच्या गणिताच्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात पोरं ताटकळत होती, आणि ही पोरगी आपली एकेका वाक्याला मुक्काम ठोकतेय.

शहापूरच्या त्या कॉलेजात अकरावी सायन्सला घेण्याआधी चाचणी घ्यायची पद्धत होती. दहावीला मार्क किती का पडलेले असेनात, इंग्रजीतून शिकवलेलं पोराला पेलवेल का, गणिताचा पाया पक्का आहे का, हे आधी तपासायचं. कसोटीला उतरले ते सायन्सला. अडखळले त्यांनी वर्षभर तयारीच्या वर्गात बसायचं. शहापुरातल्या पोरांचं काय जातंय, बसतील वर्षभर. पण वसतिगृह सायन्सलाच होतं, तयारीच्या वर्गाला नव्हतं, आणि धसईच्याही पलीकडच्या गावातून रोज शहापूर गाठणं मैनाला कसं जमणार? म्हणून तिचा भाऊ अनिल येता येता एसटीतच स्पष्ट बोलला होता. सायन्स मिळालं तर शिक, नाहीतर सोमवारपासून वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला ये, तिथं पोरींची राहायची सोय आहे, मी सांगून ठेवलंय. वाईट नव्हता तो. तिला गेटाशी सोडून बिचारा तसाच ड्यूटीवर पळाला.

सकाळी गणिताचा पेपर झाला. त्याची तिला भीती नव्हती. खाली मान घालून सोडवला, कोणाशी बोलायचं कामच पडलं नाही. आणि बोलणार तरी कोणाशी? बाकीची पोरं टोळक्याने आलेली, एका क्लासची, एका आळीतली. मैनाच्या शाळेतून मैना एकटीच. बाकावरची जोडीदारीण शकू, तीही मुरबाडला आयटीआयला गेलेली. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले तेव्हा मैना उगीच नळावर जाऊन तोंड धुऊन आली. एकटीने डबा उघडून बसायचा तिला धीर झाला नाही.

"शब्द अडतोय का गं?" मॅडमनी विचारलं.

मैनाने नकारार्थी मान हलवली आणि तिसरं वाक्य वाचलं. पुन्हा थांबली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. सरांनी पेनाचं टोपण काढलं, आता ते काय लिहिणार हे तिलाही कळत होतं.

"मग थांबतेस कशाला?"

मैना खाली बघत म्हणाली, "बाई, मागून बोलाया कोनी नाय ना."

सरांना काही बोध झाला नाही. मॅडमनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. मैनाच्या शाळेत सुदाम सरांची इंग्रजी शिकवायची रीतच तशी. एकाने पुढे उभं राहून वाक्य वाचायचं, अख्ख्या वर्गाने ते मागून म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. पुस्तक कोणाकडे असो नसो, कान तर सगळ्यांना आहेत, असं सर म्हणायचे. पाचवीपासून पुढे उभी राहायची ती मैनाच. सगळा वर्ग एकदम गरजायचा, वरचे पत्रे दणाणायचे. वाचायचं ते असं, एवढंच तिला माहीत. कोणी मागून म्हटलंच नाही तर पुढे जायचं कसं?

गणिताचे सर हसले. म्हणाले, कॉलेजात मागून म्हणायला कोण येणार, सायन्सला हे चालायचं नाही. तेही काही खोटं बोलत नव्हते.

भावना मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "पहिल्यापासून घे," त्या म्हणाल्या. "मी म्हणते मागून."

मैनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी मोठी बाई आपल्या मागून म्हणणार! पण तिने वाक्य वाचलं आणि मॅडमनी खरंच म्हटलं, शाळकरी पोरीसारखं हेल काढून. मैनाच्या जिवात जीव आला. दुसरं वाचलं, मॅडमचा आवाज आला, जरा हळू. तिसरं वाचलं. उतारा पेंग्विनांचा होता, बर्फाच्या वाऱ्यात एकमेकांना खेटून उभे राहणाऱ्या. तसला पक्षी मैनाने जन्मात पाहिला नव्हता, पण त्यांचं ते दाटीवाटीने उभं राहणं तिला फार आवडलं. पुढे त्यांचं काय होतं ते बघायची तिला घाई झाली. अवघड शब्द आले नि गेले, पान उलटलं. उतारा संपला तेव्हा कुठे तिने दम घेतला आणि मान वर केली.

मॅडम खुर्चीला टेकून बसल्या होत्या. सरांनी तिच्या कागदावर सायन्सपुढे खूण करून टाकली होती आणि ते दाराकडे बघून पुढच्या पोराला हाक मारत होते.

"मिळालं तुला सायन्स," मॅडम म्हणाल्या.

मैनाच्या ते डोक्यातच शिरलं नाही. "बाई, तुमी कदी थांबल्या?"

"तिसऱ्या वाक्यालाच."

मैनाने खोलीभर पाहिलं. "मंग तिथून पार शेवटपरेंत मी एकलीच व्हते?"

मॅडमनी कौतुकाने मान डोलावली, आणि पत्रे दणाणवणारा तो वर्ग आठवून मैनाला रडू फुटलं.