श्वासाचा रकाना

"वीस कुणी मोजले?" डॉक्टर इरावती सोनकुसरेंनी केसपेपरवर बोट ठेवून विचारलं.

"मीच लिहिलेत, मॅडम," खरातसिस्टर म्हणाल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत ताप आणि बीपी त्यांनी कधी अंदाजाने लिहिलं नव्हतं. श्वासाच्या रकान्यात मात्र सगळ्याच सिस्टर न मोजता वीस लिहीत आल्या होत्या.

खाटेवर सहा दिवसांची बाळंतीण डोळे मिटून पडली होती. डॉक्टरांनी घड्याळ बघत मिनिटभर मोजले. चौतीस. महिन्यापूर्वी कॅज्युअल्टीत लावलेल्या तक्त्यावर सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याच्या, तीन खुणा होत्या: कमी बीपी, मिनिटाला बावीस किंवा जास्त श्वास, गुंगी. दोन जुळल्या की तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं. सकाळी नऊला तिला आणलं तेव्हाच बीपी कमी भरलं होतं. श्वास मोजले असते तर दुसरी खूण तेव्हाच जुळली असती. आता पावणेबारा झाले होते.

दहा मिनिटांत इंजेक्शन आणि सलाईन सुरू करून तिला आयसीयूत हलवलं. "आज काही सांगता येणार नाही," एवढंच डॉक्टर म्हणाल्या.

दाराशी सासू तान्ह्याला छातीशी धरून उभी होती. तिने कानाला लावलेला फोन पुढे केला. "मुलगा म्हणतोय, मीच उशिरा आणली. सकाळी बरी होती की ओ सिस्टर. तुम्हीच तपासलीत ना? सांगा की त्याला."

खरातसिस्टरांनी फोन घेतला. "तुमच्या आईंनी वेळेत आणलं होतं," त्या म्हणाल्या. "श्वास मी मोजले नव्हते."