दसऱ्याची काडतुसं

"दारू भरताना तोंड बाजूले ठेव," गजेंद्र म्हणाला. "अन् बिडी पेटवून कोणाले जवळ येऊ देऊ नोको. मी असलो तरी नाई."

रीता ओसरीत पोतं अंथरून बसली होती आणि जन्मातलं पहिलं काडतूस भरत होती. हे काम आजवर तिचा धाकटा दीर धीरज करायचा. पण धीरजनं डुकरांसाठी आपल्या रताळ्याच्या वावराभोवती रात्री करंटची तार लावायला सुरुवात केली, गजेंद्रनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या (त्या स्वतःच्याही होत्या, हे रागात लक्षात राहिलं नाही), आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. मग काडतुसं भरायची कोणी? बायको आहेच.

काम सोपं होतं, म्हणजे गजेंद्रच्या तोंडून ऐकताना सोपं होतं. उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळीत दारू, वर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर छर्रे. हे डुक्कर मारायचं. छर्र्यांच्या जागी ज्वारीचा कोंडा भरला की नुसता आवाज. ते डुक्कर पळवायचं. तोंड बंद केल्यावर दोन्ही सारखीच दिसत, म्हणून घराची एक रीत होती. छर्र्यांच्या काडतुसाच्या बुडाला कुंकवाचं बोट लावायचं, कोंड्याचं कोरं ठेवायचं.

पाचसहा काडतुसं झाल्यावर गजेंद्र दोघा भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर चरायला बांधलेला पांढऱ्या बैल आणायला गेला. तेवढ्यात सासू मनकर्णाबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं पाटावरच्या विळ्याला, कुदळीला, बंदुकीला कुंकू लावलं, बंदुकीला झेंडूचा हार घातला. मग पोत्यावरच्या काडतुसांकडे वळली आणि एकूणएक सगळ्यांच्या बुडाला बोट टेकवून मोकळी झाली.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"दसरा हाय पोरी. हत्यारात दुजाभाव करू नाई," म्हातारी म्हणाली, आणि मारुतीच्या देवळाकडे निघून गेली.

रीतानं कपाळावर हात मारला. मग एकेक काडतूस तळहातावर तोलून पाहिलं. जड ती उजवीकडे, हलकी ती डावीकडे. नवरा आला की सांगू, असं मनाशी म्हणाली.

नवरा आला तो एकटाच. हातात तुटलेलं दावं होतं, आणि चेहरा ओळखू येत नव्हता.

"पांढऱ्या गेला," तो म्हणाला. "धीरजच्या तारेले लागला. जीभ बाहेर येऊन पडला हाय. दिवसाढवळ्या करंट चालू!"

रीता काही बोलायच्या आत मागोमाग धीरज फाटकातून धावत आला. पायात चप्पल नव्हती.

"दादा, सकाळी बटन बंद कराचं राहून गेलं. माह्याकडून चूक झाली. माहा बैल घेऊन जा तू, पण..."

गजेंद्रनं पाटावरची बंदूक उचलली. झेंडूचा हार ओरबाडून फेकला. नजर भावावरून न काढता त्यानं बायकोकडे हात मागं केला.

"छर्र्याचं दे."

"अहो, भाऊ हाय तो तुमचा."

"छर्र्याचं दे म्हणतो ना!"

रीतानं डावीकडचं दिलं. सकाळी त्यानंच सांगितलं होतं, अडचणीच्या वेळी वजनावरून ओळखजो म्हणून. आता तोच ओळखेल, आणि मग धीरज तर जाईलच, आपणही जाऊ. गजेंद्रनं काडतूस उलटं करून बूड पाहिलं. कुंकू होतं. त्याला तेवढं पुरलं. संतापलेल्या हाताला वजन कळत नाही.

खट्ट करून बंदूक मिटली.

धीरज पळाला नाही. भाऊ गोळी घालेल हे त्याला खरंच वाटलं नसावं. "दादा," एवढंच तो म्हणाला. गजेंद्रनं नळी त्याच्या छातीवर धरली, नेम नीट केला आणि घोडा ओढला.

आवाजानं कौलं हादरली. धीरज उताणा पडला, त्याचं डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं. धूर, जळक्या दारूचा वास, आणि गुरासारखा हंबरडा. पुठ्ठ्याची चकती हनुवटीवर बसून कातडं फाटलं होतं. सदरा धुमसत होता. तो दोन्ही हातांनी स्वतःची छाती चाचपत राहिला, भोक शोधत राहिला. भोक नव्हतं. हाताला लागला तो रक्तात भिजलेला कोंडा.

गजेंद्र त्या कोंड्याकडे बघत राहिला. मग एकदम हसायला लागला.

"अबे, कोंड्याचं होतं ते! भेव दाखवून राह्यलतो तुले! सख्ख्या भावाले मारीन का मी?" तो मांडीवर थाप मारून हसत होता. हसणारा तो एकटाच होता.

धीरज कोपरावर उठला. त्यानं भावाकडे पाहिलंच नाही. रीताकडे पाहिलं.

"वहिनी, दादाले मालूम होतं का कोंड्याचं हाय म्हून?"

हसणं थांबलं. गजेंद्रनं बायकोकडे पाहिलं. लग्नापासून त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, जे हवं ते घेतलं होतं. आता तो मागत होता. एक 'हो' पुरे होता. घर राहिलं असतं, भाऊ राहिले असते, संध्याकाळी दोघांनी एकमेकांना सोनंही दिलं असतं. रीताला हे सगळं कळत होतं, आणि तिला त्याची दयाही आली.

तिनं उजवीकडची जड काडतुसं पदरात गोळा केली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि उभी राहिली.

"पहिले ते बंदूक इकडे द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

गजेंद्रनं मुकाट्यानं दिली.