तीच गोळी

सहाव्या महिन्यात उत्पलाचं बाळ पोटातच गेलं. त्याच्यापर्यंत पुरेसं रक्तच पोचत नव्हतं. "ते पोचावं म्हणून तर कमी पॉवरची अ‍ॅस्पिरिन रोज चालू ठेवली होती," डॉक्टर मॅडम हळहळल्या. घरी आल्यावर सासऱ्यांनी, धम्मानंदांनी, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्या हातात होतं ते सारं तू केलं, बेटा."

आज सकाळी चहा घेताना धम्मानंद म्हणाले, "बेटा, माही हार्टची गोळी संपली. मेडिकलमध्ये जा लागते."

उत्पलानं आतून गोळ्यांची चार पाकिटं आणून त्यांच्यासमोर ठेवली. "कायले जाता मामाजी? ह्या आहेत ना."

त्यांनी पाकीट उलटून नाव वाचलं. अ‍ॅस्पिरिन. चारही पाकिटांतली एकही गोळी काढलेली नव्हती.

"ह्या तं तुह्या गोळ्या! तू घेतल्या काहून नाही?"

तिनं पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच तं म्हटलं होतं मामाजी, हे हार्टवाल्यायची गोळी आहे, बाळाले बाधते."