साडेशहाण्णव

"तिसऱ्यांदा पण साडेशहाण्णवच!" सान्वीने काचेचं मोजपात्र टेबलावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "आबा, हे साडेतीन जातंय कुठे?"

आबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. पन्नास मिलिलिटर इथेनॉल आणि पन्नास मिलिलिटर पाणी. दोन्ही नीट मोजून घेतलेलं, आणि एकत्र केल्यावर मात्र शंभराच्या रेघेच्या खालीच थांबलेलं.

"सांडलं असेल गं," मटार सोलता सोलता सान्वीची आई, कल्पिता म्हणाली.

"नाही सांडलं. मिसळायच्या आधी वजन केलं, नंतरही केलं. दोन्ही वेळा एकोणनव्वद पॉइंट चार ग्रॅम. थेंबसुद्धा गेलेला नाही."

फोन वाजला. वर्गातला सर्वेश. तिने स्पीकर लावला.

"ए सान्वी, मेसेज बघितला तुझा. अख्ख्या वर्गाने शंभर लिहिलंय. तू काय एकटीच शहाणी? उद्या सर सगळ्यांसमोर वाजवतील तुझी. शंभर लिही आणि विषय संपव ना!"

तिने फोन ठेवला. बारावीच्या प्रात्यक्षिकात आतापर्यंत ती पहिली होती. उद्याच्या वहीवर ते टिकणार होतं किंवा जाणार होतं.

"लिहून टाक शंभर," कल्पिता म्हणाली. "एवढ्याशासाठी मार्क कशाला घालवायचे?"

"अजिबात नाही." आबांचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे. "मापात दिसलं तेच वहीत. या घरात दुसरं चालत नाही."

"झाली, टाकीची गोष्ट सुरू झाली," कल्पिता हसली.

टाकीची गोष्ट भिंतीवर चौकटीत टांगलेली होती. एमआयडीसीतल्या कारखान्याने निवृत्तीच्या दिवशी आबांना दिलेलं मानपत्र. 'श्री. काळुराम मढवी. एकतीस वर्षे. प्रत्येक खेपेस पूर्ण हजार लिटर. एका लिटरचीही तूट नाही.' घरी येणारा पाहुणा बसायच्या आधी ते वाचायचा. वाचलं नाही तर आबा पाणी द्यायला उशीर लावायचे.

"पाचशे लिटर स्पिरिट, पाचशे लिटर पाणी," आबा सांगू लागले. "यंत्रं धुवायला लागायचं. स्पिरिट साहेब स्वतः उभे राहून मोजून घ्यायचे. पुढची टाकी माझ्या ताब्यात. पाण्याच्या नळाला तर मी एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी साहेब पट्टी बुडवून बघायचे, हजार म्हणजे हजार! माझ्या आधी दौलत होता. त्याला नाही जमलं."

दौलत म्हणजे समोरच्या चाळीतले पस्तीस आजोबा. त्यांच्या टाकीत दर हजाराला पस्तीस लिटर कमी भरायचं. स्पिरिट हाच बाहेर विकतो, असं ठरलं आणि त्यांना घरी बसवलं. पुढे त्यांनी जन्मभर रिक्षा चालवली. 'मी घोटभरसुद्धा घेतलं नाही हो,' असं बरीच वर्षं ते भेटेल त्याला सांगत. मग सांगायचे थांबले. नाव मात्र चिकटलं. आता दूधवालासुद्धा त्यांना पस्तीस म्हणतो.

सान्वी ताठ बसली. "ठीक आहे. उद्या काय व्हायचं ते होऊ दे." तिने वहीत ९६.५ लिहिलं आणि खाली ठसठशीत रेघ मारली.

मग तिने पुस्तक ओढलं. नुसत्या इथेनॉलची घनता ०.७८९. तिच्या मिश्रणाची? एकोणनव्वद पॉइंट चार भागिले साडेशहाण्णव. उत्तर आलं ०.९२६. मागच्या पानांवर मिश्रणांच्या घनतेचा तक्ता होता. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली उतरलं आणि थबकलं.

"आबा! ०.९२६! पुस्तकात पण हेच आहे!" ती उभीच राहिली. "पाणी आणि इथेनॉल एकमेकांच्या फटीत शिरून बसतात. वजन तेवढंच, पण जागा कमी लागते. शंभर कधी भरणारच नाही. अख्खा वर्ग चुकला, मी एकटी बरोबर!"

आबांची छाती फुगली. "मढव्यांची पोर आहे," ते कल्पिताला म्हणाले. "साखर आण, हिच्या हातावर ठेव. मी तेव्हाच म्हटलं नव्हतं?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या चौकटीशेजारी आणखी एका चौकटीपुरती जागा होती.

"सरांना मोठ्या मापाचं उदाहरण देते. तुमच्या टाकीचंच देऊ का? स्पिरिट म्हणजे इथेनॉलच. त्यांना आवडेल." उत्तराची वाट न बघता तिने वहीच्या कोपऱ्यात आकडे मांडले. "पाचशे आणि पाचशे. म्हणजे भरणार नऊशे पासष्ट. हजाराला कमी..."

तिचं पेन थांबलं. खिडकीतून समोरच्या चाळीचा ओटा दिसत होता. तिथे दौलत आजोबा पेपर डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"पस्तीस," ती हळूच म्हणाली.

कल्पिताचे हात मटारात तसेच राहिले.

"मग आबा," सान्वी त्यांच्याकडे वळली, "तुमचे हजार कसे भरायचे?"

आबा मानपत्राकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी त्यांच्याही टाकीत नऊशे पासष्टच भरलं होतं. वरचे पस्तीस नळाचे होते.