कानातला साहेब

आईचं तेरावं करून हेरंब कारखान्यात परतला. राजाध्यक्षसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणसांशी कसं बोलावं ते सांगणारं, कंपनीने सगळ्या साहेबांना दिलेलं यंत्र त्यांच्या कानात लुकलुकलं.

"हेरंब, आईचे गुडघे काय म्हणतायत?"

"साहेब, माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून विचारा."

यंत्र पुन्हा लुकलुकलं. "तुझा राग मी समजू शकतो. तू आपल्या विभागाचा कणा आहेस."

"ते काढा आधी. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली राबतोय. स्वतःचं काहीतरी बोला, शिवी दिलीत तरी चालेल."

साहेबांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग बराच वेळ ते त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत राहिले.

"बसा ना," ते चाचरत म्हणाले. "आपलं नाव काय?"