पितळी डबी

नोकरी गेली, व्हिसाही संपत आला, तेव्हा दुबईजवळच्या अजमानमधल्या जहूरला स्कॉटलंडचे आजोबा आठवले. बोटीवरचा तो गोरा इंजिनिअर दाभोळला उतरला, मुसलमान झाला आणि निकाह करून तिथंच राहिला. निकाहनाम्यात नाव नुसतं ‘अब्दुल्ला’. मूळ नाव सापडलं, तर नातवाला ब्रिटनचा व्हिसा मिळण्याची आशा होती. आणि ते आजोबांच्या तंबाखूच्या पितळी डबीवर कोरलेलं होतं. त्यानं गावी व्हिडिओ कॉल लावला. “अम्मी, डबीचं झाकण दाखव.” अम्मीनं मखमलीत गुंडाळलेली डबी कॅमेऱ्यासमोर धरली. झाकण आरशासारखं गुळगुळीत होतं. अक्षराचा मागमूसही नव्हता. “तुझे अब्बा जाताना म्हणालेले, बापाची निशाणी काळी पडू देऊ नको. चाळीस वर्षं दर ईदला चिंच नि राख लावून घासते मी. चमक दिसते ना रे?” जहूर म्हणाला, “दिसते अम्मी. लख्ख दिसते.”